दाणा उनात

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "येताना घरचे भाजलेले शेंगदाणे घेऊन या," आणि मला एकदम हसू फुटलं. त्यांना वाटलं, ही घाबरली. घाबरले होतेच, पण हसू त्याचं नव्हतं. आमच्या घरात दूध, दही, गूळ, उंदीर मारायचं औषध, इतकंच काय, सासूबाईंनी दिलेलं गंगेचं पाणीसुद्धा होतं. शेंगदाणा तेवढा नव्हता. गेली चार वर्षं मी त्याला उंबरा ओलांडू दिला नव्हता. आणि आता ह्या बाई मला सांगत होत्या की तोच घेऊन या, आणि आमच्यासमोर बसून मुलीला खाऊ घाला.

मुलगी तेव्हा पहिलीत होती. तिला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी. कोळंबीची असती तर मी देवापुढे नारळ फोडला असता, कारण कोळंबी आमच्या दारावरून कधी जात नाही. काजूची असती तरी चाललं असतं, काजू काही कोणी उठून वाटत नाही. पण नंदुरबार जिल्ह्यात राहून शेंगदाण्याशी वैर म्हणजे पाण्यात राहून माशाशी वैर. इथे खिचडीवर दाण्याचं तेल, वांग्याच्या भरतात दाणे, ठेच्यात दाणे, उपासाला दाणे, एसटी येईना म्हणून दाणे आणि आली म्हणून खिडकीतून दाणे. पाहुणा चहा नको म्हणाला की त्याच्या ओंजळीत दाणे. तो नको म्हणाला तर माणूस आजारी आहे का, अशी चौकशी.

माझं माहेर नाशिकचं. नवरा साखर कारखान्यात, म्हणून आम्ही पुरुषोत्तमनगरला राहतो. सासर तापीकाठच्या एका गावात. तिथे सासरे शेती करतात. त्यांना घरातले आणि गावातले सगळे आबा म्हणतात. कापूस आणि ऊस ते बाजारासाठी लावतात, पण विहिरीजवळच्या एका तुकड्यात भुईमूग लावतात तो फक्त घरासाठी. त्यातला दाणा विकायचा नाही, पाव्हण्यांना द्यायचा, लेकीबाळींना बांधून द्यायचा, आणि उरलेला ओट्यावर बसून स्वतः फोडायचा. आबांना पत्ते येत नाहीत, तंबाखू चालत नाही. शेंगा फोडणे हाच त्यांचा छंद.

आणि त्यांच्याच बोटाने हे सगळं सुरू झालं. त्या घरात एक रीत आहे: नातवंडाला आयुष्यातलं पहिलं तिखट आजोबाच्या बोटाने मिळतं. आमची मुलगी अजून दोन वर्षांचीही नव्हती. आबांनी तिला मांडीवर घेतलं, दाण्याच्या चटणीत करंगळी बुडवली आणि तिच्या ओठांना लावली. सगळे हसत होते. ती तोंड वाकडं करील, मग दूध मागेल, मग पुन्हा बोट मागेल, असं ठरलेलं असतं. तिचे ओठ बघता बघता सुजले. अंगभर गांधी उठल्या, उलटी झाली आणि मग श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. नवऱ्याने गाडी काढली, मी तिला छातीशी धरून मागे बसले, आणि शहाद्याच्या दवाखान्यात इंजेक्शन दिल्यावर ती रडली. तिच्या रडण्याने मला इतका आनंद त्याआधी कधी झाला नव्हता.

रात्र दवाखान्यात काढून आम्ही दुसऱ्या दिवशी गावी परतलो, तर आबा ओट्यावर बसलेले. सासूबाई म्हणाल्या की कालपासून हात धुतला नाही. करंगळीवर चटणी वाळून काळी झाली होती. मी काही बोलले नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, पण मला राग आला की माझी वाचा बसते आणि त्याजागी नियम सुरू होतात.

तर नियम सुरू झाले. मुलीने आईच्या हातचं सोडून कोणाच्या हातचं खायचं नाही. आमच्याकडे येणाऱ्याने चपला बाहेर काढायच्या आणि खिसे बाहेर झटकायचे. एकदा कारखान्यातले एक साहेब आले होते, त्यांनाही मी खिसे झटकायला लावले. त्यांच्या खिशातून चक्क दोन शेंगा निघाल्या, आणि नवऱ्याने त्या दिवशी माझ्याकडे ज्या आदराने पाहिलं तसं लग्नातही पाहिलं नव्हतं. एकादशीला मी साबुदाण्याची खिचडी बिनदाण्याची करायची. ती खाऊन नवरा म्हणाला की ह्यापेक्षा खरोखरचा उपास सोपा. सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या की तिसऱ्या दिवशी त्यांना शेजारणीकडे "काम" निघायचं. परत आल्या की चूळ भरताना दिसायच्या. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात. मी तर पाणीसुद्धा फुंकायला लावत होते.

ह्या सगळ्यातून मुलीला एक सवय लागली. काहीही तोंडात घालण्याआधी ती माझ्याकडे बघायची. मी मान हलवली की घास आत. नाही हलवली की हात खाली. देवळात प्रसाद हातावर पडला की ती गर्दीतून मला शोधायची. लग्नात पंगतीला बसली की मी समोरच्या रांगेत उभी, वाढप्यांना अडचण. एकदा वर्गात कोणाचा तरी वाढदिवस होता, तिला चॉकलेट मिळालं. शाळेत मी नव्हते. पोरीने ते चॉकलेट शाळा सुटेपर्यंत मुठीत धरलं आणि घरी आणून मूठ माझ्यापुढे उघडली. आत नुसता चिखल होता. वर्गाच्या बाई म्हणाल्या, किती शहाणी मुलगी आहे. मला त्या शहाणपणाची भीती वाटली. उद्या मी नसले तर ही कोणाकडे बघणार, हा विचार एकदा डोक्यात शिरला तो गेलाच नाही.

म्हणून नंदुरबारच्या ह्या मुलांच्या डॉक्टरांनी रक्ताचा नवा रिपोर्ट बघून सांगितलं की प्रमाण बरंच उतरलंय, कदाचित अ‍ॅलर्जी गेलीही असेल, तेव्हा मी लगेच विचारलं, खात्री कशी करायची. त्या म्हणाल्या, खाऊनच. दवाखान्यात, आमच्या नजरेखाली, अगदी कणापासून सुरुवात करून हळूहळू वाढवत. इंजेक्शन भरून शेजारी, ऑक्सिजन शेजारी, मी शेजारी. नवरा म्हणाला, मग घरीच एक दाणा देऊन बघितला तर? डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा घातला. एवढ्यावरच तो विषय संपला.

तयारीचे नियम त्यांनी सांगितले. सर्दी-खाजेचं कुठलंही औषध काही दिवस आधीपासून बंद, नाहीतर पुरळ झाकलं जातं. मुलीला खोकला नको, ताप नको. कपडे सैल, अंग दिसेल असे. दाणे साधे भाजलेले, मीठ नाही, मसाला नाही, कूट करून आणायचं. आणि मिसळायला तिच्या आवडीचं काहीतरी. तिला केळं आवडतं. तेवढी एक गोष्ट आमच्या मुलखाने आमच्या सोयीने पिकवली आहे.

दाणे कोणाचे, हा प्रश्नच नव्हता. फोनवर सांगितल्याबरोबर आबांनी सूप घेतलं आणि निवडायला बसले. सासूबाईंनी नंतर सांगितलं की मुलगी बघायला जातात तेव्हासुद्धा माणसं इतकी पारख करत नाहीत. एक दाणा बारीक म्हणून बाजूला, एक सुरकुतलेला म्हणून, एक "जरा रागीट दिसतो" म्हणून. मग सासूबाईंनी ते तव्यावर भाजले, साल फुंकली, खलबत्त्यात कुटले. आणि इथे मी माझा शेवटचा नियम काढला: मुलगी आणि दाणा एका गाडीत बसणार नाहीत. नवऱ्याने हात जोडले. म्हणाला, अगं, दोघांची भेट घडवायलाच तर चाललोय. पण मी ऐकलं नाही. मुलगी आमच्याबरोबर कारने, दाणे आबांबरोबर एसटीने.

त्या दिवशी आम्ही वेळेवर पोचलो. खाट तयार, इंजेक्शन तयार, ऑक्सिजनची नळी तयार, सिस्टर तयार. सिस्टर सातपुड्यातल्या काठी गावाकडच्या, हसऱ्या आणि ठाम. केळं सोलून कुस्करलेलं. मुलगी सैल फ्रॉक घालून पाय हलवत बसलेली. फक्त दाणे नव्हते. एसटी कुठेतरी अडकली होती आणि आबांचा फोन नेहमीप्रमाणे घरी चार्जिंगला होता. नंदुरबारच्या त्या रस्त्यावर खिडकीतून मला दाण्यांच्या हातगाड्या दिसत होत्या, भट्टीचा वास येत होता, आणि आम्ही दाण्यांची वाट बघत बसलो होतो. ते दाणे खारे, म्हणून चालत नव्हते.

नवरा गावी फोन लावून लावून सासूबाईंना विचारत होता. त्या प्रत्येक वेळी सांगत होत्या की आबा केव्हाच निघाले. त्यांचा जीव टांगणीला लागलेला, त्यात रेंजची तऱ्हा. शेवटी आबा दारात दिसले. डबा रुमालात, रुमाल उपरण्यात, उपरणं पिशवीत, पिशवी छातीशी. सिस्टरांनी डबा घेतला आणि नवऱ्याला सांगितलं की आता फोन बंद करून ह्या ट्रेमध्ये ठेवा, आत शांतता हवी; माझा आधीच तिथे होता. नवऱ्याने घाईघाईत शेवटचा फोन लावला, सासूबाईंना दोनच शब्द सांगितले, "दाणा उनात," आणि फोन बंद केला.

आता ज्यांना अहिराणी येत नाही त्यांच्यासाठी सांगते. दाणा उनात म्हणजे दाणे आले. आणि अंगावर पुरळ उठलं, गोवर फुटला, गांधी आल्या, तरीसुद्धा इथे म्हणतात, दाणा उनात. इतकी वर्षं खानदेशात संसार करून ही गोष्ट मला चांगली ठाऊक आहे. मी नवऱ्याच्या शेजारी उभी होते. ते दोन शब्द मी स्वतःच्या कानांनी ऐकले आणि मला काहीही वाटलं नाही. आबा आले, दाणे आले, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

आबा आत आले नाहीत. मी तसं म्हटलं नव्हतं, पण चार वर्षांत त्यांना माझे नियम पाठ झाले होते. दाणे हाताळलेल्या हाताने आपण पोरीजवळ जायचं नाही, असं धरून ते फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसले.

मग काटा बिघडला. दवाखान्यात दाण्याचं कूट मोजायला इवलासा काटा होता, त्याने ऐनवेळी आकडा दाखवायचं बंद केलं. सेल बदलले, उलटे घातले, थापट्या मारल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंदाजाने मी एक कणही देणार नाही. दवाखान्याला लागून एका मारवाडी शेठचं सोन्याचांदीचं दुकान होतं. शेठचा काटा दुकानाबाहेर येईना, कारण गिऱ्हाईक बसलेलं. म्हणून डबा दुकानात गेला. सिस्टर, त्यांच्यामागे माझा नवरा, आणि कोणी मापात खोट करू नये म्हणून मी.

शेठनी पारडं ब्रशने झाडलं, फुंकलं, सिस्टरांनी आणलेली स्वच्छ वाटी ठेवली आणि सोन्याच्या सवयीने विचारलं, घट म्हणजे तूट धरायची का. समोर नथ बघायला आलेल्या दोन बायका होत्या. त्यांनी विचारलं, काय आहे. नवरा म्हणाला, दाणे. एकीने मान पुढे करून बघितलं आणि तिचा चेहरा पडला. सोन्याच्या मण्यांनाही दाणेच म्हणतात. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मापांप्रमाणे शेठनी लहानापासून मोठ्यापर्यंत पुड्या बांधल्या, त्या सोनाराच्या गुलाबी कागदात, कारण त्यांच्याकडे दुसरा कागद नव्हता. प्रत्येक पुडी त्यांनी मुडपून इतकी नाजूक बांधली की आत माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा शत्रू आहे हे मीसुद्धा क्षणभर विसरले. पैसे घेईनात. म्हणाले, लेकराचं काम आहे. दुकानातून बाहेर पडताना नवरा हळूच म्हणाला की काट्यावरची सोन्याची कणी गेली असेल तर सुवर्णप्राशनही उरकलं.

गुलाबी पुड्या बघून मुलगी हरखली. तिला वाटलं, कानातलं आणलं. सिस्टरांनी पहिली पुडी उघडली, त्यातला दिसेल न दिसेल असा कण केळ्यात मिसळला आणि चमचा तिच्यासमोर धरला. तिने माझ्याकडे बघितलं.

मी मान हलवायला हवी होती. माझी मान हलेना. चार वर्षं ह्याच एका गोष्टीला नाही म्हणण्यात माझी मान घडली होती. सिस्टरांचा हात हवेत, डॉक्टरांची नजर माझ्यावर, नवऱ्याने कोपर मारलं. मी डोळे मिटले आणि हो म्हटलं. डोळे उघडले तर ती चमचा चाटत होती.

वाट बघायची. मग छाती ऐकायची, अंग बघायचं, पुढची पुडी. सिस्टर दर वेळी विचारायच्या, "कुठे दाणे आले का गं?" आणि मुलगी दर वेळी त्या पुड्यांकडे बोट दाखवायची. सिस्टर अंगाबद्दल विचारत होत्या, ही पुड्यांबद्दल सांगत होती, आणि दोघी एकमेकींवर खूश होत्या. मला मात्र तिच्या अंगावर सगळीकडे काहीतरी दिसत होतं. कोपराजवळ लाल. ती जन्मखूण निघाली. मानेवर डाग. ते केळं निघालं. मी चौथ्यांदा उठले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला स्टुलावर बसवलं आणि माझीच नाडी बघितली.

आणि मग गालावर खरोखर एक दाणा दिसला. उजव्या गालावर, लाल, फुगीर. आधी नव्हता, माझी शपथ. डॉक्टरांनी बघितला, बोट लावलं, आणि खिशातलं बॉलपेन काढून त्याच्याभोवती एक गोल काढला. म्हणाल्या, एकटाच आहे, ह्या गोलाच्या बाहेर पसरतो का बघू. पसरला किंवा दुसरा आला तर थांबायचं. मग आम्ही सगळे, डॉक्टर, सिस्टर, नवरा आणि मी, एका सहा वर्षांच्या मुलीच्या गालाकडे टक लावून बसलो. ती लाजली आणि गाल आणखी लाल झाला.

नेमक्या त्या क्षणी फाटकात जीप थांबली.

आधी आवाज आला, मग सासूबाई. त्यांच्या मागे शेजारच्या दोघी, आणि जीपचा ड्रायव्हर, तोही रडवेला. सासूबाईंच्या खांद्यावर काळी घोंगडी आणि हातात गेरूचा खडा. इकडे अंगावर पित्त उठलं की गेरू लावून घोंगडीत गुंडाळतात, हा जुना इलाज. मीठ-मिरच्या शेजारणींच्या ओच्यात होत्या, दृष्ट काढायला. सासूबाईंनी कोणाकडे न बघता सरळ खाट गाठली, नातीच्या गालावरचा निळा गोल आणि गोलातला लाल दाणा बघितला, आणि मटकन खाली न बसता, जे त्यांनी ठरवून आणलं होतं तेच केलं. पोरीला घोंगडीत गुंडाळलं.

डॉक्टरीणबाईंचा तोपर्यंत सांभाळलेला सगळा धीर त्या क्षणी सुटला. त्यांनी घोंगडी एका टोकाने धरली, सासूबाईंनी दुसऱ्या. मधे माझी मुलगी, आता खरोखर रडत. नवरा आईला विचारत होता की तू इथे कशी. सासूबाई म्हणाल्या, "तूच ते सांगं, दाणा उनात."

 त्यावर नवरा जे म्हणाला ते आमच्या घरात अजून चालतं. म्हणाला, "आबाना दाणा उनात, माय. पोरना नही."

कोणी हसलं नाही. कारण घोंगडी निघाली तेव्हा मुलीची मान, हात, हनुवटी, सगळं लालभडक होतं. ती जाड लोकर माझ्या अंगाला लागली तरी मला खाज सुटते. डॉक्टरांनी वाकून बघितलं आणि फार शांतपणे म्हणाल्या की आता हे दाण्याने झालं की घोंगडीने, हे मी कसं सांगू. थांबून बघू. श्वास साफ आहे, उलटी नाही. उतरलं तर घोंगडी. नाही उतरलं तर परीक्षा इथेच संपली, उपचार करू, आणि दाणे पूर्वीसारखेच बंद.

सगळ्यांना बाहेर काढलं. मलाही. पाणी आणायच्या निमित्ताने मी फाटकाकडे गेले. खरं म्हणजे मला ओरडायचं होतं आणि कोणावर ते ठरत नव्हतं. सासूबाईंवर, नवऱ्याच्या दोन शब्दांवर, अहिराणीवर, घोंगडीवर. मला रडूही येत होतं. मुलीला अ‍ॅलर्जी नाही हे कळायच्या इतक्या जवळ येऊन लोकरीमुळे परत फिरायचं.

आबा कट्ट्यावर तसेच होते. जीप आलेली त्यांनी बघितली, सासूबाईंच्या तोंडचं ऐकलं, आणि ते जागचे उठले नव्हते. त्यांचा चेहरा बघून मला कळलं की त्यांना कोणी काही सांगितलंच नाही. त्यांच्या लेखी दाणे पोरीच्या अंगावर उठले होते, आणि तेही त्यांनी सुपात एक एक करून निवडलेले. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "आते मन्हा वावरमा भुईमूंग नही. कधीच नही."

मी त्यांच्या शेजारी बसले. सगळं सांगितलं. फोन, दाणा उनात, घोंगडी. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, ती घोंगडी कोणती, जुनी की नवी. मी म्हटलं, काळी. ते म्हणाले, ती तर बैलाच्या पाठीवर टाकायची. आणि पहिल्यांदाच त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. मला हसू आलं, आणि हसता हसता मी रडले, फाटकात, नथवाल्या बायका दुकानातून बघत असताना.

लाली उतरली. आधी हात, मग मान, मग हनुवटी. गालावरचा दाणा गोलाच्या आत मुकाट बसून राहिला, पसरला नाही, सोबतीला कोणाला बोलावलं नाही. डॉक्टरांनी भिंग लावून बघितलं. मच्छर. उसाच्या मळ्याशेजारी राहिलं की गालावर असा एखादा असतोच. मग उरलेल्या पुड्या एकेक करून उघडल्या. शेवटची पुडी तर इतकी मोठी होती की सिस्टर म्हणाल्या, ही नथ नाही, हा हार. मुलीने ती खाल्ली. पुढे बराच वेळ आम्ही तिला खाटेवरून हलू दिलं नाही, आणि काहीही झालं नाही. इतक्या वर्षांत काहीही न होण्याची एवढी वाट मी कधी बघितली नव्हती.

डॉक्टरांनी विचारलं, कसे लागले दाणे? मुलगी विचार करून म्हणाली की बेचव आहेत, केळं चांगलं होतं. ज्या वस्तूसाठी आम्ही घरदार धुतलं ती हिला आवडलीच नाही. आणि डॉक्टरीणबाई पुढे सांगत होत्या की आता थांबायचं नाही, दाणे आठवड्यात नेमाने खायला घालायचे, नाहीतर पुन्हा उलटू शकतं. काही दिसलं तर लगेच इकडे. म्हणजे चार वर्षं जो बंद होता तो आता औषध. नवरा म्हणाला, मी आठवण ठेवीन. त्याच्या चेहऱ्यावर पुढच्या एकादशीच्या खिचडीचा आनंद होता.

घरी निघण्याआधी दवाखान्याच्या आवारात, कडुनिंबाखाली, सासूबाईंनी तीच घोंगडी अंथरली. घाईत निघताना सोबत घ्यायचं आठवलं ते भाकरी आणि वांग्याचं भरीत. नात दवाखान्यात आहे म्हणून त्या रडत निघाल्या होत्या, पण डबा विसरल्या नव्हत्या. मीठ-मिरच्यांचा उपयोग झाला. सगळे बसलो, जीपवालासुद्धा. आबा आधी नळावर गेले आणि हात धुऊन आले, कोपरापर्यंत, दोनदा. मग नातीशेजारी बसले. ती त्यांच्या मांडीला रेलली. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, भरीत घेतलं, वर एक अख्खा दाणा दिसत होता, आणि घास करून हात तिच्याकडे नेला. मधेच हात थांबला.

मी नेहमीच्या सवयीने मान हलवायला तयार होते. पण मुलीने माझ्याकडे बघितलंच नाही. ती तोंड उघडून आबांच्या हाताकडे बघत होती, आणि घास का अडला म्हणून चिडली होती. माझ्याकडे बघत होते ते आबा.

म्हणाले, "दिऊ का, माय?"

मी मान हलवली.